समुद्राकडची खिडकी

गाडी चालवताना माझ्या मागच्या आरशात एक अख्खं घर दिसायचं. पांढरी भिंत, पडदा ओढलेली खिडकी, वर छोटा अँटेना. मी वळलो की तेही वळायचं, जरा उशिरा. सुरुवातीला मला सारखं वाटायचं की कुणीतरी पाठलाग करतंय. पुढे उलट झालं. घर पोचवून रिकामी पिकअप परत आणताना आरशात नुसता रस्ता दिसायचा आणि मी घटकेघटकेला बघायचो, घर कुठे गेलं म्हणून.

मस्कतच्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंचा फोन आला, "दाऊदभाई, तुमच्या कामाबद्दल लिहा, जरा वेगळं आहे." मी म्हटलं, बाई, जन्मभर या देशात पाण्याचा टँकर चालवला, कोरड्या वाळवंटात लोकांच्या टाक्या भरल्या, तेव्हा कुणी चार ओळी मागितल्या नाहीत. म्हातारपणी लोकांच्या सहलीची घरं ओढली, तर ते वेगळं झालं! त्या हसल्या. "तेच लिहा," म्हणाल्या.

तर आधी काम सांगतो. ओमानमध्ये उन्हाळ्यात माणूस घराबाहेर पडत नाही. ऑक्टोबर लागला की हवा जरा माणसात येते आणि मग मार्चपर्यंत सगळा देश बाहेर राहायला निघतो. कुणी समुद्रावर, कुणी वाळूत, कुणी डोंगरावर. पूर्वी तंबू होते. आता लोकांना गार हवा, संडास आणि चहाची शेगडी सगळं बरोबर लागतं. त्यासाठी ही चाकांवरची घरं. दोन जातीची असतात. एकाला स्वतःचं इंजिन असतं, ती कॅम्पर. दुसऱ्याला नसतं, ते दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढावं लागतं, ती कॅरॅव्हॅन. गिऱ्हाईक घर विकत घेतं किंवा काही दिवसांसाठी भाड्याने घेतं आणि ते त्याच्या जागेवर नेऊन, नीट उभं करून, ताब्यात द्यायचं हे माझं काम.

ओढणं हे वाटतं तितकं सोपं नाही. टँकरमध्ये पाणी हिंदकळतं, पण ते आपल्या गाडीतच असतं. कॅरॅव्हॅन मागे स्वतःच्या मनाने चालते. बातिना किनाऱ्याच्या मोठ्या रस्त्यावर शेजारून ट्रक सणकन गेला की ती आधी त्याच्याकडे ओढली जाते, मग लांब ढकलली जाते आणि शेपूट हलायला लागतं. नवा ड्रायव्हर घाबरून ब्रेक मारतो आणि तिथेच उलटतो. अशा वेळी काही करायचं नसतं. स्टिअरिंग धरून ठेवायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलायचा आणि ती शांत होण्याची वाट बघायची. आमचा मालक सालिम, माझ्या जुन्या अर्बाबचा, म्हणजे टँकरच्या मालकाचा, पुतण्या, नव्या पोरांना सांगायचा, "चाचाला बघा. चाचा काहीच करत नाही." ही माझी स्तुती होती.

जागेवर पोचलं की चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे आणि घर सपाट उभं आहे का ते बघायचं. माझी पद्धत म्हणजे अर्धी भरलेली पाण्याची बाटली ओट्यावर आडवी ठेवायची. मग ताबा. हा माझा आवडता भाग. गिऱ्हाइकाला आत घेऊन एकेक गोष्ट दाखवायची. हा पाण्याचा पंप, वाजला तर घाबरू नका. हे गॅसचं बटण, आधी सिलिंडर, मग हे. हा दिवा बॅटरीवर, तो सोलरवर. ही खिडकी आधी वर उचला, मग ढकला. सगळं दाखवून झालं की शेवटची पायरी. मी बाहेर यायचं, दार लावून घ्यायचं आणि गिऱ्हाइकाने आत एकट्याने सगळे दिवे लावायचे. दाराबाहेरचा दिवा लागलेला दिसला की ताबा झाला. माणसाने एकदा स्वतःच्या हाताने केलं की मग तो आडवेळी फोन करत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

पण खरं सांगू का, तो दिवा लागला की मला वाईट वाटायचं. आत माणसं बोलायला लागलेली असायची, भांडी वाजायची, आणि मी वाळूत उभा. ज्या घराला मी दिवसभर संभाळून आणलं त्याचं दार माझ्या तोंडावर लागलेलं. दारही मीच लावलेलं.

सालिमचे नियम कडक होते. ड्रायव्हरने आत झोपायचं नाही, शेगडी लावायची नाही, संडास वापरायचा नाही. गाद्यांवरचं प्लास्टिक गिऱ्हाइकानेच काढायचं. लांबच्या फेरीला मी पिकअपच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपायचो आणि पाठीमागे हातभर अंतरावर दोन कोऱ्या गाद्यांची खोली रिकामी असायची. तसा मस्कतमध्ये, वादी अदाईला, माझा एका खोलीत पलंग होता. आम्ही चौघं, चार शिफ्टची माणसं. एकमेकांना आम्ही बहुतेक झोपलेलेच पाहिलेले.

मस्कतजवळच्या बौशरचं एक मराठी कुटुंब आठवतं. नवरा इस्पितळात नोकरीला, बाई बँकेत, एक लहान मुलगी. शुक्रवार-शनिवारसाठी कॅरॅव्हॅन घेतली होती. मी समुद्रावर उभी करून दिली. बाईंनी डब्यातले पोहे काढून मला दिले आणि विचारलं, "काका, तुम्ही राहता कुठे?"

"वादी अदाईला."

"तसं नाही, घर कुठे?"

"दापोलीच्या खाली. खाडीवर."

"अय्या, कोकणातले! मग घरी कोण कोण असतं?"

"बायको असते," मी म्हटलं. "शमीम. मुलगी मुंब्र्याला दिली."

ताबा द्यायला मी आत गेलो तर ती मुलगी एकेक बटण माझ्या मागोमाग दाबत आली. मी बाहेर निघालो तशी तिने आईला विचारलं, "ममा, अंकल आपल्याबरोबर स्टे नाही करणार? घर तर अंकलचं आहे ना?" मग माझ्याकडे वळून अडखळत मराठीत म्हणाली, "तुम्ही पण राहा."

बाई ओशाळल्या. "अगं, अंकलना काम आहे."

"हो बाळा, मला काम आहे," मी म्हटलं.

काम कसलं डोंबलाचं. मी हायवेवर येऊन टपरीवरचा एक करक, म्हणजे कडक दुधाळ, चहा घेतला, तो संपवला आणि दुसरा घेतला.

आता माझ्या घराचं सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट त्याच्यासाठीच आहे. खाडीवर मी घर बांधलं. बांधलं म्हणजे मी इकडून पैसे पाठवले आणि तिकडे घर उभं राहिलं. दुमजली, पुढे ओटी, मागे विहीर, गच्चीवरून दर्या दिसतो. दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर जायचो. त्या सुट्ट्या पाहुणचारातच संपायच्या. मग टँकर कंपनीने मला निवृत्त केलं. हार घातला, फोटो काढला, केक कापला. खलास. मी कायमचा घरी गेलो. शमीमला म्हटलं, आता कुठे जात नाही.

पावसाळा सरेपर्यंत मी तिथे होतो, आणि पाहुणाच होतो. पंख्यासाठी बटण दाबलं की ओटीवरचा दिवा लागायचा. नळ उलटा फिरवायचो. जिन्याखालचं दार आत उघडतं की बाहेर, ते शेवटपर्यंत कळलं नाही. शमीम काही बोलायची नाही. उठायची, बरोबर बटण दाबायची आणि परत बसायची. तिचं ते न बोलणंच मला जास्त लागायचं. तिचा दिवस ठरलेला होता. सकाळी बाजार, दुपारी शेजारच्या आपाकडे बसणं, असरच्या नमाजानंतर, ऊन कललं की, झाडांना पाणी. त्या दिवसात मला ठेवायला कुठे जागाच नव्हती. एकदा गॅस सिलिंडरवाला आला. मी ओटीवरच बसलो होतो. तो मला म्हणाला, "घरात कोण आहे का?"

"मी आहे ना."

"तसं नाही, घरातलं कोण आहे का?"

मी शमीमला हाक मारली.

त्याच सुमाराला सालिमचा फोन आला. काकाने टँकर विकले होते, पुतण्याने कॅरॅव्हॅन आणल्या होत्या. ओढणारा भरवशाचा माणूस हवा होता. "चाचा, फक्त हिवाळा. मार्चमध्ये घरी." मी शमीमला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा." तिने थांबवलं असतं तर मी थांबलो असतो. तिने का थांबवलं नाही, हे मी विचारलं नाही. मीच मनाशी ठरवून टाकलं की तिला माझी अडचण होते.

असे हंगाम जात राहिले. ऑक्टोबरला निघायचो, मार्च-एप्रिलला जायचो, आणि दर खेपेला घर थोडं आणखी परकं झालेलं असायचं. शमीम रोज संध्याकाळी व्हॉइस मेसेज पाठवायची. "जेवलाव काय? काय जेवलाव? कवा येताव?" तीनच प्रश्न. पहिल्या दोन प्रश्नांना मी उत्तर द्यायचो. तिसऱ्याला इन्शाल्ला म्हणायचो. अर्बाबला टाळायचं असलं की आम्ही ड्रायव्हर जे म्हणतो तेच बायकोला. लोकांच्या घरात मी डोळे मिटून दिवा लावायचो, आणि स्वतःच्या घरात कधी राहता येईल का, याची मला खात्री उरली नव्हती.

मग बातिना किनाऱ्यावरच्या सहम गावची फेरी आली.

सालिमने पत्ता दिला आणि सांगितलं की गिऱ्हाइकाने गाडी आपल्या म्हाताऱ्या वडलांसाठी घेतली आहे. जुनं घर किनाऱ्याला होतं, ते पाडलं. मुलाने मोठ्या रस्त्याला लागून नवा बंगला बांधला. म्हाताऱ्याला तिथे झोप येईना. म्हणून हिवाळाभर जुन्या जागेवर कॅरॅव्हॅन. मुलाने एकच गोष्ट बजावून सांगितली होती, की पलंगाकडची खिडकी किब्ल्याच्या उलट बाजूला पाहिजे. इथे दिशा सांगताना लोक सहज किब्ला म्हणतात. किब्ला म्हणजे काबागृहाची दिशा, नमाज पढताना आम्ही तोंड करतो ती. ती कुणाला विचारावी लागत नाही.

मलाही विचारावी लागली नाही, तीच तर भानगड झाली. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि वर धूळ. डोंगर दिसत नव्हते, सूर्य तर सकाळपासून नव्हता. वाऱ्याने गाडीचं शेपूट वाटभर हललं होतं, माझे खांदे दुखत होते. पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. समोर समुद्र, मागे खजुराची झाडं, त्यापलीकडे रस्ता. तिथे कुणी नव्हतं. म्हाताऱ्याला घेऊन यायला मुलाला वेळ होता. मी दिशा बघितली, ठोकळे लावले, पाय सोडले, बाटली ठेवली. खिडकी रस्त्याकडे आली. मला गंमत वाटली. म्हटलं, जन्मभर मासे मारून कंटाळला असेल, आता समुद्राचं तोंड बघायला नको असेल त्याला. माणसाने चूक करायची ठरवली की कारणंही तोच शोधून ठेवतो.

तेवढ्यात मगरिबची अजान झाली. मी हातपाय धुतले, वाळूवर टॉवेल टाकला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो.

कोकणातल्या वाचकाला यात काही वावगं वाटणार नाही. आमच्याकडे दर्या पश्चिमेला, सूर्य दर्यात बुडतो आणि किब्लाही तिकडेच. लहानपणी आम्हाला दिशा अशीच शिकवली, दर्याकडे तोंड कर. पण बातिनाचा समुद्र उलट्या अंगाला आहे. तिथे सूर्य पाण्यातून वर येतो आणि डोंगरामागे जातो. इतकी वर्षं या देशात काढून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझे टँकर आतल्या कोरड्या मुलखात फिरले, आणि मशिदीत सतरंजीच्या रेघाच दिशा सांगतात. सांजवेळी एकट्याने समुद्रासमोर नमाज पढायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. खिशातल्या फोनवर किब्ला दाखवणारं ॲप होतं. स्वतःच्या अंगणात कोण नकाशा बघतं?

नमाजाचा शेवटचा सलाम फिरवून मान वळवली तर बाजूला एक म्हातारा काठी टेकून उभा. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. मुलगा त्याला सोडून गाडी लावायला गेला होता. मी संपवेपर्यंत तो थांबला होता. मग जुन्या खलाशी लोकांच्या हिंदीत त्याने विचारलं, "तुम किधर का आदमी?"

"रत्नागिरी."

"उधर समंदर किधर?"

"मग़रिब में," मी म्हणालो, म्हणजे पश्चिमेला, आणि तोंडातून शब्द बाहेर पडता पडता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी समुद्राकडे बघितलं, मग खिडकीकडे. शरमेने माझे कान तापले.

म्हातारा हसला नाही. "कोई बात नहीं," म्हणाला. "तुम्हारा मुँह घर की तरफ़ था." मग त्याने टॉवेल उचलून बरोबर दिशेला टाकला आणि आम्ही दोघांनी नमाज पढली, मी पुन्हा, त्याने पहिल्यांदा.

त्यांचं नाव खलफान. मी चाचा म्हणायला लागलो. तरुणपणी लाकडी लाँचवर मुंबईपर्यंत खेपा केलेले, हिंदी तिथलंच. मी गाडी लगेच वळवतो म्हटलं, पण चाकं वाळूत बसली होती आणि अंधार पडला होता. मुलगा रागावण्याच्या बेतात होता. चाचांनी त्याला घरी पाठवलं आणि मला म्हणाले, सकाळी वळवू, आता आत चल. मी नियम सांगितला. ड्रायव्हरने आत झोपायचं नाही.

"घर किसका?" त्यांनी विचारलं. "मेरा, या तुम्हारे अर्बाब का?"

मग मला ताबा द्यावाच लागला. मी एकेक वस्तू दाखवत गेलो, पंप, गॅस, दिवे. चाचा प्रत्येक बटणावर बोट ठेवायचे, दाबायचे, परत दाबायचे. एका जागी थांबून म्हणाले, "बेटे ने इतना बड़ा मकान बनाया, चाबी दी. ऐसा दिखाया किसी ने नहीं. उधर बत्ती बहू जलाती है, मैं अंधेरे में बैठता हूँ. बोलने को शरम आती है." मी शेवटच्या पायरीसाठी बाहेर आलो आणि दार लावलं. आत बराच वेळ काही हललं नाही. मग दारावरचा दिवा लागला आणि लगेच दारही उघडलं. "अंदर आओ," चाचा म्हणाले.

मी दुसऱ्या गादीचं प्लास्टिक काढलं. इतक्या घरांपैकी आत झोपलो ते एवढंच. चाचा पडल्या पडल्या त्यांच्या खेपांबद्दल बोलत होते, आणि मी हुं हुं करता करता त्यांचं ते अंधारात बसणं आठवत होतो. मला माझी ओटी दिसत होती.

सकाळी शेजारचे कोळी दोन गाड्या घेऊन आले, यल्ला यल्ला करत त्यांनी कॅरॅव्हॅन ओढून वळवली. मी परत पाय सोडले, परत बाटली ठेवली. चाचा पलंगावर जाऊन बसले. खिडकीतून ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. ते डोळे बारीक करून पाण्याकडे बघत राहिले आणि मी निघालो हे त्यांना कळलंही नाही.

मार्च संपताना ती कॅरॅव्हॅन आणायला मीच गेलो, उन्हाळाभर आमच्या शेडमध्ये ठेवायला. मला वाटलं, सगळं अस्ताव्यस्त असेल, गिऱ्हाइकं तशीच सोडून जातात. आत घासूनपुसून लख्ख होतं. चाचा दारात उभे होते. मला आत घेऊन गेले आणि त्यांनी मला ताबा दिला. माझ्याच क्रमाने. ये पंप, आवाज़ करे तो डरना नहीं. पहले सिलिंडर, फिर ये. खिडकी पहले ऊपर, फिर बाहर. मी मान डोलवत होतो. मग ते काठी टेकत बाहेर गेले, दार लावलं, आणि मला आत एकट्याला ठेवलं. मी दिवे लावले. दार उघडून बाहेर आलो तोवर ते बंगल्याच्या रस्त्याला लागले होते. एवढ्या दुरून मला त्यांची पाठच दिसली. मी हाक मारली नाही. त्या दिवशी आरशात घर असूनही परतीचा रस्ता मला खायला उठला.

त्यानंतर आठवड्याभरात मी गावी गेलो. शमीमने नेहमीसारखं पाणी दिलं, नेहमीसारखं जेवायला वाढलं. हात धुवायला उठलो तेव्हा मी बटण दाबलं आणि भलताच पंखा सुरू झाला. ती नेहमीसारखी उठली.

"थांब," मी म्हटलं. "तू दाबू नको. मला सगळं घर दाखव. गिऱ्हाइकाला दाखवतात तसं. बटण, नळ, दारं, सगळं."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग मी तिला माझं काम सांगितलं. इतक्या हंगामांत सांगितलंच नव्हतं. ताबा कसा देतात, काय काय दाखवतात, शेवटी कोण बाहेर जातं. ऐकताना ती पदराशी चाळा करत होती. शेवटी म्हणाली, "लोकांना यवढा दाखवताव? आनी माला कोनी दाखवलान?"

मला कळेना ती काय म्हणते.

"कंत्राटदारान किल्ली दिलान आनी गेला. तुमी तिकडं. लाइट आली त्या राती माला मोटारीचा बटन कंचा ता म्हाईत नवता. लावली ती बंदच होयना. टाकी व्हावली, सगला पानी जिन्यावरना खाली. मी भायेर ओटीवर बसून रडली. सगला मीच शिकली, एकेक." मग ती म्हणाली, "तुमी चुकीचा बटन दाबलाव का माला ती रात आठवते. म्हनून मी बोलत नाय."

मी इतकी वर्षं समजत होतो की मी पाहुणा आहे म्हणून ती गप्प असते. मी सरकून तिच्याजवळ बसलो. मग तीच उठली, "चला," म्हणाली.

आम्ही खालून वरपर्यंत घर फिरलो. हा नळ उलटा बसवलाय, पावसाळ्यात त्याचा वायसर जातो. ही मोटार, टाकी भरली की आवाज बदलतो, तो ऐकायचा. जिन्याखालचं दार आधी वर उचलायचं, मग ओढायचं. मी प्रत्येक बटणावर बोट ठेवलं, दाबलं, परत दाबलं. विसरलो की ती हसायची आणि पुन्हा दाखवायची. शमीमला हसताना मी कधीपासून ऐकलं नव्हतं. गच्चीवर गेलो तेव्हा सूर्य दर्यात उतरत होता. मगरिबची अजान झाली. आम्ही तिथेच नमाज पढलो, तोंड दर्याकडे करून, आणि या वेळी मला कुणी टोकायचं कारण नव्हतं.

खाली आलो. ओटीवर मी म्हटलं, "आता शेवटची पायरी. दाखवणारा बाहेर जातो. तू जा, मी आतून दिवे लावतो."

शमीमने जरा विचार केला. "मी का जाऊ? घर तुमी आनलाव. ताबा माला पायजे. तुमी भायेर जा."

बरोबर होतं तिचं. मी चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. अंगणात आंब्याखाली जाऊन उभा राहिलो, नेहमीच्या अंतरावर. आत एकेक दिवा लागत गेला. स्वयंपाकघर, माजघर, जिना, वरची खोली. सगळ्यात शेवटी ओटीवरचा. इथपर्यंत मला सगळं पाठ होतं. याच्यापुढे मी पिकअपमध्ये बसतो, चावी फिरवतो आणि हायवेला लागतो. इथे पिकअप नव्हती. काय करायचं ते मला खरंच कळेना, मी तसाच उभा राहिलो.

आतून शमीमची हाक आली, "उबे काय ऱ्हायलाव? आत या. येताना दार लावा, मच्छर येतात."

मी चपला काढल्या, आत आलो आणि दार आतून लावलं.